मूक पडद्यावरील समशेर : मास्टर विठ्ठल

कलावंताची कीर्ती किती टिकावी, हे पुष्कळदा त्याच्या कलेपेक्षा त्या कलेच्या साधनावर अवलंबून असते. दगडात कोरलेली मूर्ती हजार वर्षे उभी राहते, कवीची ओवी पिढ्यान्‌पिढ्या ओठांवर फिरत राहते. पण ज्याची कला त्याच्या शरीरातच वसते, त्या मल्लाची, नर्तकाची किंवा पट्टेकऱ्याची कथा निराळी असते. देह थकला की कला थांबते आणि पाहणारे गेले की तिची आठवणही जाते. चित्रपटाचा शोध लागला तेव्हा या नश्वर कलेला अमरपट्टा मिळाला असे अनेकांना वाटले. मराठी मुलखातून पुढे आलेल्या आणि एके काळी सबंध हिंदुस्थानात गाजलेल्या एका नटाचे चरित्र मात्र वेगळेच सांगते. मास्टर विठ्ठल हे त्या नटाचे नाव. मूकपटांच्या जमान्यात तलवारीचे हात आणि धाडसी उड्या यांसाठी त्यांची ख्याती होती. अमेरिकन नट डग्लस फेअरबँक्स याचा हिंदी अवतार म्हणून लोक त्यांना ओळखत. हिंदुस्थानातील पहिल्या बोलपटाचे नायकही तेच. तरीसुद्धा आज त्यांच्याविषयी एखादी गोष्ट सांगितली जाते ती एवढीच, की या नायकाला बोलता येत नसल्यामुळे पहिल्या बोलपटात त्याला निजवून ठेवावे लागले. ही आख्यायिका कितपत न्याय्य आहे, हे समजून घ्यावयाचे तर त्यांची कला कोणती होती, ती कशी घडली आणि बोलपटाच्या यंत्राने तिचे काय केले, याचा मागोवा घेतला पाहिजे.

विठ्ठल यांचा रंगभूमीवरील प्रवेश बालपणीच झाला. राजापूरकर नाटक मंडळीत ते बालनट म्हणून काम करू लागले. लहान वयात रंगभूमीवर उभ्या राहणाऱ्या मुलाला त्या काळी नावामागे ‘मास्टर’ ही पदवी लागत असे, आणि एकदा लागली की ती बहुधा जन्माची सोबती होई. दीनानाथांना ती लागली, कृष्णरावांना लागली, तशीच विठ्ठल यांनाही लागली. नाटक मंडळी ही त्या काळची एक शाळाच होती. पहाटेची मेहनत, नाचाची तालीम, पडेल ते काम करण्याची शिस्त आणि शेकडो डोळ्यांसमोर अंग सावरून उभे राहण्याचा सराव हे सारे शिक्षण तेथे आपोआप मिळत असे.

पुढे ते कोल्हापुरास ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त आले. चित्रकार आणि यंत्रज्ञ बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली ही कंपनी स्थापन केली होती. स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट चित्रित केला आणि १९२० साली तो पुण्यात झळकला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग पाहून प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राहिला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटामुळे. ‘सैरंध्री’पाठोपाठ १९२३ साली ‘सिंहगड’ आला. रामायण-महाभारताच्या जोडीला मराठ्यांच्या इतिहासातील ढाल-तलवार मराठी पडद्यावर आली ती अशी.

ही ढाल-तलवार कोल्हापुरात आणावी लागली नाही. ती तेथे होतीच. राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला होता. १९१२ साली पुरे झालेले खासबागेचे कुस्तीमैदान आजही त्याची साक्ष देते. गावातील पेठांतून तालमी होत्या आणि तालमींच्या आसऱ्याने मर्दानी खेळही जिवंत होते. लाठी, बोथाटी, विटा, फरीगदगा, तलवार आणि दांडपट्टा असे या खेळांचे प्रकार. विटा म्हणजे मनगटाला दोरीने बांधलेला भाला. फेकला तरी तो दोरीच्या हिसक्यासरशी हातात परत येतो. फरीगदग्यात एका हाती चामड्याची लहान ढाल आणि दुसऱ्या हाती मऊ आवरणाची काठी असते. तलवारीचे हात अंगावर जखम न होता शिकावेत, हा त्यातला उद्देश. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकणारी असते आणि तिच्यापुढे लवचिक, लांब पाते असते. ते चालवावयाचे ते मनगटाने नव्हे, तर सबंध अंगाने. पायांची ठेवण चुकली की पाते स्वतःवरच उलटते. म्हणूनच या खेळात वस्ताद पहिल्याने पवित्रा शिकवितो आणि वार मागाहून. ज्या गावातील पोरे असे खेळ पाहत वाढत होती, त्या गावच्या चित्रपटांत लढाईचे प्रसंग नाटकी न वाटता खरे वाटले, यात नवल नाही.

विठ्ठल यांना या कंपनीत पहिल्याने मिळाले ते काम मात्र तलवारीचे नव्हते. ते होते कात्रीचे. चित्रित झालेल्या फिती पाहून, नको तो भाग कापून, हवा तो जोडून चित्रपट सलग करावयाचा, हे संकलकाचे काम त्यांच्याकडे होते. जोडीला बारीकसारीक भूमिकाही कराव्या लागत. १९२४ सालच्या ‘कल्याणचा खजिना’ या चित्रपटात ते प्रथम पडद्यावर दिसले, तेही नर्तकीच्या वेषात. या चित्रपटाला त्याच वर्षी लंडनजवळील वेम्बली येथे भरलेल्या प्रदर्शनात पदक मिळाले. ज्या तरुणाची पुढे सर्वांत शूर पुरुष अशी ख्याती झाली, त्याने आरंभी पायांत घुंगरू बांधावे, ही वरवर पाहता गमतीची गोष्ट वाटते. परंतु त्यात विसंगती नाही. नर्तकाला काय हवे असते? तोल, ठेका आणि शरीराची रेषा यांचे भान. पट्टेकऱ्याला याहून वेगळे काय लागते?

कात्रीच्या कामाचाही असाच हिशेब आहे. मूकपटातील तलवारीची झुंज ही केवळ दोन योद्ध्यांमध्ये होत नसे. त्यात तिसरा असे कॅमेरामन आणि चौथा संकलक. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला दोन फेरे दिले की सोळा चित्रे टिपली जात. कॅमेरामनने हात थोडा सैल सोडला की चित्रे कमी टिपली जात आणि पडद्यावर तीच हालचाल अधिक वेगवान दिसे. उडीचा आरंभ दुरून घ्यावयाचा, पाय भुईला टेकतात तो क्षण जवळून घ्यावयाचा आणि दोहोंमधला नको असलेला भाग कात्रीने उडवून द्यावयाचा, म्हणजे पाहणाऱ्याला ती उडी एका दमात मारल्यासारखी वाटे. ज्याने दिवसचे दिवस अशा फिती उजेडासमोर धरून पाहिल्या आहेत, त्याला कॅमेऱ्यासमोर उभे असतानाच कळते की कोणती हालचाल उरेल आणि कोणती कापली जाईल. नाटकाने शरीर दिले, नाचाने तोल दिला, कात्रीने वेळेचे भान दिले. विठ्ठल यांची समशेर या तीन गोष्टींच्या बळावर चालली.

१९२५ साली मुंबईत नानूभाई देसाई आणि भोगीलाल दवे यांनी ‘शारदा फिल्म कंपनी’ सुरू केली. विठ्ठल तेथे गेले आणि १९२६ सालच्या ‘रत्नमंजरी’ या मूकपटात प्रथमच नायक म्हणून झळकले. मग मारधाडीच्या चित्रपटांची रांगच लागली. कधी ते वेष पालटलेले राजपुत्र असत, कधी अन्यायाविरुद्ध एकट्याने उभे राहणारे तरुण. कथा साध्या असत: दुष्ट प्रधान, हरवलेले राज्य, कैदेत पडलेली राजकन्या, तटावरून घेतलेली उडी आणि शेवटी तलवारीची निर्णायक झुंज.

अशा चित्रपटांना सुशिक्षित समाजाने नाके मुरडली. परंतु त्यांच्या लोकप्रियतेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळी येथील चित्रगृहांत दाखविले जाणारे बहुसंख्य चित्रपट परदेशी असत. फेअरबँक्स याच्या ‘द मार्क ऑफ झोरो’ आणि ‘द थीफ ऑफ बगदाद’ यांसारख्या चित्रपटांचा लोकांना छंद जडला होता. आपल्याकडचा नायक तसाच चपळ असू शकतो, हे पाहण्याची त्यांना हौस होती. दुसरे कारण भाषेचे. मूकपटातील संवाद आणि निवेदन पडद्यावर पाट्यांच्या रूपाने येत, आणि हिंदुस्थानातील अनेक भाषांमुळे एकाच पाटीवर दोन-तीन लिप्यांतील मजकूर कोंबावा लागे. पिटात बसणारा गिरणी कामगार, हमाल किंवा खेड्यातून आलेला शेतकरी यांपैकी कित्येकांना कोणतीच लिपी वाचता येत नसे. शेजारी बसलेला एखादा शिकलेला माणूस मोठ्याने वाची, तेव्हा इतरांना अर्थ कळे. परंतु तटावरून उडी घेणाऱ्या माणसाला पाटी लागत नाही. वार आला, तो चुकविला आणि उलटा वार केला, ही भाषा पंजाबी माणसालाही कळते आणि तमिळ माणसालाही. ज्या देशात अक्षर थोड्यांचे होते, तेथे विठ्ठल सर्वांना वाचता येतील असे नट होते.

हे सूत्र त्यांच्यापुरते किंवा त्या काळापुरते मर्यादित नव्हे. बोलपट आल्यावरही १९३५ सालच्या ‘हंटरवाली’मध्ये नादियाने चाबूक हाती घेतला तेव्हा, पंजाबातून आलेल्या दारासिंग या मल्लाने १९६२ च्या ‘किंग काँग’पासून पडद्यावर राज्य केले तेव्हा, आणि हाँगकाँगच्या ब्रूस ली याचा ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ साली त्याच्या मृत्यूनंतर लगेचच प्रदर्शित होऊन जगभर पोहोचला तेव्हा, प्रेक्षकांना खेचून घेणारी शक्ती तीच होती. कसलेले शरीर कोणत्याही भाषांतरावाचून समजते.

शारदा कंपनीच्या या नायकाची किंमत सर्वांना कळली होती आणि त्यातूनच एक गाजलेला तंटा उद्भवला. ध्वनीचे युग दाराशी आले होते. ‘इंपीरियल’चे आर्देशीर इराणी पहिला बोलपट काढण्याच्या तयारीत होते आणि इराणींशी संबंधित अशी ‘सागर’ ही नवी संस्थाही उभी राहिली होती. विठ्ठल शारदेचा करार मोडून त्या गोटात गेले. शारदेने त्यांना न्यायालयात खेचले. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले ते मुंबईतील नामांकित बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि खटला विठ्ठल यांनी जिंकला. तलवारबाज नटाची झुंज या वेळी कायद्याच्या शब्दांनी लढली गेली, आणि ती त्यांच्यासाठी दुसऱ्याने लढली. पुढे जे घडावयाचे होते त्याची ही जणू सूचनाच होती.

‘आलम आरा’साठी नायक म्हणून प्रथम मेहबूब खान या तरुण नटाचा विचार झाला होता. हेच मेहबूब पुढे दिग्दर्शक म्हणून कीर्ती पावले. परंतु इतक्या मोठ्या धाडसात पैसा गुंतविताना इराणींना गर्दी खेचणारे नाव हवे होते, आणि ते नाव मास्टर विठ्ठल यांचे होते. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावरून कथा घेतली गेली. जुबेदा नायिका झाली आणि पृथ्वीराज कपूर सेनापतीच्या भूमिकेत उभे राहिले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात हा बोलपट झळकला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले, असे सांगतात. दहा हजार पाचशे फूट लांबीच्या त्या फितीत सात गाणी होती. हिंदी चित्रपट आजतागायत गात आला आहे, त्याची सुरुवात तेथली.

या बोलपटात राजपुत्राच्या भूमिकेत असलेल्या विठ्ठल यांचे हिंदुस्थानी उच्चार समाधानकारक नव्हते, म्हणून त्यांना बराच वेळ निद्रिस्त किंवा गुंगीत असल्यासारखे दाखविण्यात आले, असे चित्रपटाचा इतिहास सांगतो. उच्चारांची ही अडचण एकट्या विठ्ठल यांची नव्हती. मूकपटांची सम्राज्ञी सुलोचना हिलाही हिंदुस्थानी शिकण्यासाठी जवळजवळ वर्षभर काम बंद ठेवावे लागले होते. मूकपटाच्या काळात नटाची मातृभाषा कोणी विचारली नव्हती. आता एका रात्रीत ती त्याची जात ठरली.

परंतु सारा दोष जिभेवर टाकून भागत नाही. ज्या यंत्रावर ‘आलम आरा’ चित्रित झाला, त्याची घडण पाहिली म्हणजे विठ्ठल यांचे काय हिरावले गेले हे उमगते. त्या यंत्रात चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर एकाच वेळी नोंदले जात. फितीवर चित्राच्या शेजारी त्याच क्षणाचा ध्वनी नसतो. तो काही चित्रे अलीकडे-पलीकडे असतो. त्यामुळे चित्र कापले की कुठला तरी शब्द तुटे, आणि शब्द राखला की चित्र हवे तेथे कापता येत नसे. उडीचे तीन तुकडे करून ती एक भासविणाऱ्या कात्रीचे हात येथे बांधले गेले. ध्वनिग्राहक कुठे तरी आडोशाला लपविलेला असे आणि नटाला त्याच्या जवळपासच राहावे लागे. चार पावले दूर गेला की आवाज गेला. स्टुडिओजवळून आगगाड्या धावत, म्हणून चित्रण बहुधा मध्यरात्रीनंतर, गाड्यांची वर्दळ थांबल्यावर करीत. कॅमेरा हाताने फिरविण्याचे दिवसही संपले. ध्वनीचा वेग कायम राहावा म्हणून फितीचा वेगही कायम राहिला पाहिजे. कॅमेरामनचा हात सैल सोडण्याची सोय उरली नाही. म्हणजे धावणे गेले, उडी गेली, कात्री गेली आणि वेगाची किमयाही गेली. उरले ते एका जागी उभे राहून परक्या भाषेत बोलणे. ज्या कीर्तीच्या बळावर विठ्ठल यांना निवडले होते, ती कीर्ती दाखविण्याचे एकही साधन त्यांच्या हाती ठेवले गेले नव्हते.

बोलपटांची तांत्रिक बाजू पुढे भराभर सुधारली. ध्वनीसाठी वेगळी फीत आली, कात्रीला पुन्हा मोकळीक मिळाली आणि नट पुन्हा हिंडूफिरू लागले. परंतु मधल्या काळात गाणारे आणि अस्खलित बोलणारे नट पुढे आले होते. विठ्ठल यांनी हार खाल्ली नाही; ते पवित्रा बदलून उभे राहिले. १९३३ साली त्यांनी ‘आवारा शहजादा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. शाहू मोडक यांनी त्यात केलेली दुहेरी भूमिका हिंदी बोलपटांतील पहिली मानली जाते. एकच नट एकाच फितीवर दोनदा उभा करणे ही कॅमेऱ्याची आणि जोडकामाची करामत. ती जुन्या संकलकाच्या हातून घडावी, हे साहजिकच होते.

आणि मग त्यांना त्यांची भाषा मिळाली. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ येऊन मराठी बोलपटाचा जन्म झाला होता. १९३४ साली पार्श्वनाथ आळतेकर यांच्या ‘छत्रपती संभाजी’मध्ये विठ्ठल नायक झाले, तर १९३९ साली भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्येही त्यांनी काम केले. ज्या जिभेला हिंदुस्थानी शब्द जड गेले होते, तिला येथे अडण्याचे कारण नव्हते. कमरेला तलवार होती आणि तोंडात मायबोली. मराठी ऐतिहासिक बोलपटाने त्यांना आश्रय दिला असे म्हणण्यापेक्षा, त्या बोलपटाला लागणारा अनुभव त्यांनी दिला असे म्हणणे अधिक योग्य होईल. पुढे वय उतरणीला लागले, नायकपण सरले आणि लहान-मोठ्या भूमिका वाट्याला आल्या. ज्यांच्या नावासाठी दोन कंपन्या न्यायालयात भांडल्या होत्या, त्यांचे नाव श्रेयनामावलीत खाली सरकत गेले. १९६९ साली त्यांचे निधन झाले.

आता उरला प्रश्न न्यायाचा. मूकपटांची फीत नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेणारी आणि पडून राहिली तर आपोआप सडणारी. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. कित्येक फितींतील चांदी काढून त्या मोडीत गेल्या. हिंदुस्थानात सुमारे तेराशे मूकपट निघाले; त्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे थोडेच पूर्ण वा तुटक अवस्थेत राहिले आहेत. मारधाडीच्या मूकपटांपैकी १९३१ सालचा ‘दिलेर जिगर’ टिकला. पुढे ललिता पवार म्हणून विख्यात झालेली अभिनेत्री त्यात आहे. त्यावरून या जातीच्या चित्रपटांत केवढी चपळाई आणि कसब होते, याची कल्पना येते. परंतु त्यात विठ्ठल नाहीत. ‘आलम आरा’चीही एकही प्रत उरली नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तेव्हा तो हाती लागण्याच्या पलीकडे गेला होता. उरली ती काही छायाचित्रे, जाहिराती आणि आठवणी.

म्हणजे विठ्ठल यांच्यावर काळाने दिलेला निकाल मोठा विचित्र आहे. जी त्यांची कला नव्हती, त्या बोलण्यावरून त्यांची परीक्षा झाली, आणि जिच्यावरून परीक्षा झाली ती फीतच नाहीशी झाली. तिच्यात ते किती वेळ निजले होते आणि किती वेळ जागे होते, हेही आता कोणाला पडताळून पाहता येणार नाही. पुरावा हरवलेल्या खटल्यात आरोपीला दोषी ठरवू नये, हा न्यायाचा साधा नियम आहे.

कोल्हापुरात आजही मर्दानी खेळांची पथके सणासुदीला रस्त्यावर उतरतात. ढोल-हलगीचा कडकडाट होतो, पोरे-पोरी रिंगण धरतात आणि कोणीतरी पुढे होऊन दांडपट्टा फिरवू लागते. पात्याचा चकाकता फेर, पायांचा नेमका पवित्रा आणि जमिनीवर ठेवलेल्या लिंबाचे एका फटक्यात झालेले दोन तुकडे, हे पाहणाऱ्यांच्या गर्दीत कोणालाही पाटी वाचून दाखवावी लागत नाही. फिती जळाल्या आणि सडल्या. तो पवित्रा मात्र वस्तादाकडून शागिर्दाकडे, एका देहातून दुसऱ्या देहात जात राहिला. मास्टर विठ्ठल यांचे मूकपट कसे असतील, याची कल्पना ज्याला करावयाची असेल, त्याने त्या रिंगणाच्या कडेला थोडा वेळ उभे राहावे.